पिवळी पिसं आणि तूवाचा खोकला

बेरित हेडमानच्या फ्रिजवर प्रश्न चिकटवलेले असत. ‘बर्फ पांढरा का, पाणी तर पांढरं नाही?’ ‘मासे झोपेत बुडत का नाहीत?’ ‘एव्हर्टच्या कानात केस उगवतात, मग डोक्यावर का नाही?’ पाळणाघरातल्या मुलांनी विचारलेला जो प्रश्न तिला तिथल्या तिथे सुटत नसे, तो ती कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून ठेवी आणि शनिवारी ग्रंथालयात जाऊन त्याचा पाठपुरावा करी. उत्तर मिळाले की चिठोरा काढायचा. एव्हर्टच्या केसांचा चिठोरा मात्र चार वर्षे तसाच होता, कारण तो काढायला एव्हर्ट परवानगी देत नव्हता. “माझ्याबद्दल कुणाला तरी कुतूहल आहे, राहू दे,” म्हणे.

एव्हर्ट तिचा नवरा. लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला. बेरित स्वतः एकसष्टची. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ती एल्वबीच्या धुलाई केंद्रात लागली होती आणि तिथेही चादरींवरचे डाग कशाचे असतील याचाच विचार करत बसल्याने मुकादमाची बोलणी खाई. स्वतःची दोन मुले झाल्यावर तिने घरीच पाळणाघर सुरू केले, नगरपालिकेचा रीतसर परवाना काढून. त्याला आता सत्तावीस वर्षे झाली होती. आज ज्या आया मुले आणून सोडत होत्या, त्यांतल्या दोघींना बेरितने स्वतः बाबागाडीत झोपवलेले होते.

आणि बाबागाडीत म्हणजे बाहेर. जेवण झाले की पाचही मुले टोप्या-मोजे चढवून, लोकरीच्या पिशव्यांत शिरून दक्षिणेच्या भिंतीशी ओळीने झोपत. उणे दहापर्यंत थंडी असली तरी. गालांवर सफरचंदे उमलत. बेरितला कशाचा अभिमान असेल तर या झोपेचा. “माझ्याकडची मुलं आजारी पडत नाहीत,” असे ती म्हणे आणि लगेच, दृष्ट लागू नये म्हणून, लाकडी टेबलाला बोट लावी.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी तूवा खोकायला लागली.

तूवा पाच वर्षांची, मालिनची मुलगी. दीड वर्षाची असल्यापासून बेरितकडे होती. सर्दी म्हणावी तर ताप नाही. डोळे लाल, नाक सारखे वाहते आणि छातीत बारीक शिट्टी, जणू कुणीतरी दाराच्या फटीतून फुंकतेय. आठवडा गेला, दुसरा गेला. मालिनने तिला दवाखान्यात नेले. तिथली तरुण डॉक्टर म्हणाली की विषाणू असेल, दम्याची सुरुवातही असू शकेल, काही दिवस बघू. निघताना तिने सहज विचारले, “मूल दिवसभर असतं त्या घरात ओल वगैरे नाही ना?”

मालिनच्या डोक्यात ते वाक्य खिळ्यासारखे बसले. कारण दोन वर्षांपूर्वी बेरितच्या तळघरात पाणी शिरले होते आणि ते साऱ्या गल्लीला ठाऊक होते.

“बेरित, मला सांग, तळघर नीट सुकलं होतं का?” संध्याकाळी तूवाचे बूट चढवताना तिने विचारले.

“महिनाभर पंखे लावले होते. एव्हर्टने फळ्या बदलल्या.”

“वासावरून कळत नाही म्हणतात. भिंतीच्या आत असते बुरशी.”

“मालिन, तुझ्या आईनं तुला माझ्याच भरवशावर...”

“माझ्या आईचं काय मध्येच? माझी पोरगी रात्री उठून बसते श्वासासाठी. तू बघितलंयस का ते?”

बेरितने ते बघितले नव्हते.

चार दिवसांनी नगरपालिकेतून येस्पर नावाचा माणूस आला. मालिननेच कळवले होते आणि ते तिने लपवलेही नाही. येस्पर तिशीचा, सभ्य, दारात बूट काढून पायमोज्यांवर चालणारा. तळघरात जाऊन त्याने चार कोपऱ्यांत नाक खुपसले, आणि वर येऊन कॉफी घेतली.

“मला काही वास येत नाही. पण माझ्या नाकाला कायद्यात किंमत नाही,” तो म्हणाला. “ईस्टरनंतर बुरशीचा मोजणीवाला येईल. बुरशी निघाली तर परवाना थांबवावा लागेल. सांगून ठेवतो, बेरित, या वयात पुन्हा परवाना मिळवणं सोपं नाही. तोपर्यंत मुलं पाठवायची की नाही ते पालकांनी ठरवायचं.”

“आणि नाही निघाली तर?”

“तर मग पोरगी कशानं खोकते ते मला माहीत नाही.” त्याने दालचिनीचा बन उचलला. “हे तूच केलेस?”

त्याच आठवड्यात एका कुटुंबाने आपले मूल ‘तात्पुरते’ आजीकडे ठेवले. तूवाला आजी नव्हती, म्हणून ती येत राहिली. पण ईस्टरनंतर ती नदीपलीकडच्या नव्या बालवाडीत जाईल असे मालिनने सांगून टाकले. बाकीचे पालक दारात उभे राहून घराच्या आत नजर टाकत, जणू भिंतीतून काही बाहेर येताना दिसेल.

बेरितला रडू आले नाही. तो तिचा स्वभाव नव्हता. रविवारी तिने एक चिठोरा घेतला, त्यावर लिहिले, ‘तूवा का खोकते?’ आणि फ्रिजवर लावला.

“हा कुठल्या पोराचा प्रश्न?” एव्हर्टने विचारले.

“माझा.”

सोमवारपासून ती तूवाच्या मागे लागली. छळायला नाही, घड्याळ घेऊन. स्वयंपाकघरात सकाळची लापशी खाताना खोकला नाही. बाहेर बर्फात घसरगाडी ओढताना नाही. बाहेर झोपेत तर अजिबात नाही. दीड तास ती बाबागाडीत अशी शांत झोपे की बेरित दोनदा जाऊन तिच्या नाकाशी बोट धरून आली. मग उठल्यावर गोष्टीची वेळ. सगळी मुले बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर, बेरित मध्ये, पुस्तक मांडीवर. सहावे पान उलटेपर्यंत तूवा डोळे चोळू लागे, दहाव्या पानावर शिट्टी.

“गोष्ट आवडत नसेल तिला,” एव्हर्ट म्हणाला.

“पुस्तक बदलून बघितलं.”

“खरंच बघितलंस?”

“तीनदा. आणि एकदा स्वयंपाकघरात बसून तीच गोष्ट वाचली. खोकली नाही.”

तळघर तर स्वयंपाकघराच्या खाली होते, बैठकीच्या नाही. बुरशी असेल तर ती अशी उडी मारून शेजारच्या खोलीत का जाईल? बेरितला पहिल्यांदाच जरा बरे वाटले. पण मालिनला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “शनिवार-रविवारी ती घरीही खोकते, बेरित. कमी, पण खोकते. तुझ्या घरातून कपड्यांवर घेऊन येते ती.”

तो भाग तिने चिठोऱ्याखाली बारीक अक्षरांत लिहिला.

बैठकीच्या खोलीत होते काय? सोफा, पुस्तकांचे कपाट, गालिचा, कोपऱ्यात दुधाचा जुना कॅन आणि त्यात सणाआधी पिसे बांधून सजवायच्या ईस्टरच्या फांद्या. गालिचा तिने बर्फात टाकून बडवला. सोफ्याची खोळ धुतली. कपाट पुसले. पुसताना फडक्यावर पिवळा पट्टा उमटला.

तो पट्टा तिच्या ओळखीचा होता. दरवर्षी यायचा. ईस्टरच्या फांद्यांना बांधायला ती बाजारातून रंगीत पिसे आणायची, पिवळी, नारिंगी, हिरवी. त्यांचा रंग झडतो हे तिने कधीच ठरवून टाकले होते. आईच्या वेळी कोंबड्यांची साधी पिसे असत, त्यांना कसला रंग. आताची स्वस्त पिसे, रंग झडणारच. ती दरवर्षी पुसायची आणि विसरायची.

या वेळी मात्र फडके हातात घेऊन ती उभी राहिली. रंग! रासायनिक रंग, पोरीच्या नाकात जाणारा! दुसऱ्याच दिवशी तिने सगळी पिसे सोडली, पिशवीत घालून फेकली आणि हस्तकलेच्या दुकानातून न रंगवलेली पांढरी पिसे आणून बांधली. कपाट, सोफ्याची पाठ, खिडकीची कड सगळे ओल्या फडक्याने पुसून घेतले. मुले नाराज झाली. तूवा म्हणाली, “आता हे झाड म्हातारं दिसतंय.”

तीन दिवसांनी कपाटावर पुन्हा पिवळी धूळ बसली होती. आणि तूवा सहाव्या पानावर खोकत होती.

बेरितने बोट ओढले. बोटाच्या टोकावर पिठासारखा मऊ, पिवळा थर. पांढऱ्या पिसांतून पिवळा रंग? तिने फुंकर मारली. धूळ उठली आणि उन्हाच्या पट्ट्यात कितीतरी वेळ तरंगत राहिली, खाली बसायचे नावच घेईना. मुलांना बाहेर झोपवून ती एकटीच सोफ्यावर बसून हे बघत होती. आपला परवाना जाणार आहे हे त्या दहा मिनिटांत ती पार विसरून गेली. एवढे हलके असते तरी काय?

तिने पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा कापला, कपाटावर दाबला, उचलला, आणि घडी करून पाकिटात ठेवला. औषधांच्या दुकानातल्या बाईने तो उजेडात धरून बघितला. “धूळ आहे,” ती म्हणाली.

“ते मलाही दिसतंय. कसली?”

“जिल्ह्याच्या इस्पितळाच्या गच्चीवर हवेतली धूळ पकडतात ना, वर्तमानपत्रात परागकणांचे आकडे येतात ते, तिथल्या बाईला विचार. सीव नाव तिचं. तिला असल्या गोष्टींत रस असतो.”

बेरितने फोन लावला. सीव पलीकडून कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, “मार्च चालू आहे, बाई. बाहेर गुडघाभर बर्फ आहे. मी सकाळपासून काजळी मोजतेय. कालच्या अख्ख्या दिवसात मला अल्डर झाडाचा एक कण सापडला, तोही बहुतेक जर्मनीहून आलेला. तुझ्याकडे काय आहे?”

“पिवळी धूळ. घरातली.”

“घरातली?” सीवच्या आवाजातला कंटाळा गेला. “आण. शुक्रवारी दुपारी ये. काही नसलं तरी माझी दुपार जाईल.”

शुक्रवारी मुले गेल्यावर एव्हर्टने तिला गाडीतून जिल्ह्याच्या गावी सोडले आणि स्वतः लोखंडी सामानाच्या दुकानात शिरला. इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर, धोब्याच्या खोलीएवढ्या जागेत सीव बसली होती. साठी उलटलेली, केस पुरुषासारखे कापलेले. टेबलावर मायक्रोस्कोप, शेजारी कातरलेल्या फितीचे तुकडे. गच्चीवरच्या यंत्रात ही चिकट फीत हळूहळू फिरते आणि हवा तिच्यावर आपली सही करत जाते, असे तिने दोन वाक्यांत सांगितले. बेरितची चिकटपट्टी घेऊन तिने काचपट्टीवर लावली, गुलाबी द्रावणाचा थेंब टाकला आणि डोळा लावला.

बटण फिरवी, काच सरकवी, पुन्हा फिरवी.

“काय आहे?” बेरितने विचारले.

“हे कुठून घेतलंस म्हणालीस?”

“पुस्तकांच्या कपाटावरून.”

“छपरावरून नाही? गेल्या मे महिन्यातली जुनी धूळ नाही?”

“मी सोमवारी पुसलं होतं. ओल्या फडक्यानं.”

सीवने मान वर केली. तिचा चेहरा पाच वर्षांच्या मुलासारखा झाला होता. “बस इथे. बघ.”

बेरित बसली. आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग एकदम गोल. गुलाबी, नीटस, एकसारखे; खच्चून भरलेले, एकावर एक. प्रत्येकाला तीन ठिकाणी जराशी चोच काढलेली, जणू कुणी कणकेची गोळी तीन बोटांत धरून हलकेच चिमटली असावी.

“किती सुंदर आहेत,” ती नकळत म्हणाली.

“बर्च. बर्च झाडाचे परागकण,” सीव म्हणाली. “मे महिन्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी, जेव्हा मी रेडिओवर सांगते की दमेकऱ्यांनी खिडक्या उघडू नयेत, तेव्हाही माझ्या फितीवर इतके नसतात. बेरित, तुझ्या घरात जंगल आहे का?”

बेरितचा डोळा काचेवरच होता. बर्च. तिने हळूहळू मान उचलली.

“दुधाच्या कॅनमध्ये,” ती म्हणाली.

“काय?”

“ईस्टरच्या फांद्या. मी त्या तुऱ्यांसकट तोडते. माझी आई नुसत्या काटक्या तोडायची, मला त्या उघड्या वाटायच्या. म्हणून मी तुरे असलेल्या निवडते, ते पिंपळीसारखे दिसतात ना, घट्ट, तपकिरी? कोमट पाण्यात ठेवते. दर दोन दिवसांनी पाणी बदलते, म्हणजे लवकर पालवतात. महिन्यात तुरे असे लांब होतात, लोंबतात.” तिने करंगळी दाखवली. “फार छान दिसतात. सगळे कौतुक करतात. दर आठवड्याला मी नव्या फांद्या घालते.”

“आणि सोफा?”

“त्याच्याच खाली.”

सीवने खुर्ची मागे टेकवली. हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमले नाही. “माफ कर. मी बावीस वर्षं गच्चीवर वारा पकडतेय. घरात वसंत आणून सोफ्यावर झाडणारी तू पहिलीच. म्हणजे पहिली नसशील, मला सापडलेली पहिली.” मग ती गंभीर झाली. “ही पोरगी मागच्या मे महिन्यात कशी होती?”

बेरितने आठवले. मागच्या मे महिन्यात तूवाला सर्दी होती. संपूर्ण महिना. सगळ्यांना वाटले, एकीतून उठते न उठते तोच दुसरी झाली.

“मी फक्त मोजते,” सीव म्हणाली. “रोग ठरवायचा तो डॉक्टरांनी. पण तिच्या आईला सांग, बर्चची चाचणी करून घ्या म्हणावं. आणि लवकर. खरा बर्च बाहेर एप्रिलच्या शेवटी पराग सोडेल, तेव्हा काही कॅन उचलून बाहेर टाकता येणार नाही.”

खाली उतरताना बेरितने पाहिले, इस्पितळाच्या स्वागतकक्षातही मोठ्या फुलदाणीत फांद्या होत्या, पिवळ्या पिसांच्या, तुऱ्यांसकट. तिच्याबरोबर दारापर्यंत आलेली सीव म्हणाली, “मी गेल्या वर्षी तक्रार केली. मग त्यांनी ती काढून मुलांच्या वॉर्डाबाहेर ठेवली. पुन्हा तक्रार केली, तर परत इथे आली.”

गाडीत एव्हर्टने सगळे ऐकून घेतले.

“म्हणजे बुरशी नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“मग झालं की. आज फांद्या चुलीत घाल. पोरीचा खोकला थांबेल. ईस्टरनंतर मोजणीवाला येईल, त्याला काही सापडणार नाही. मालिन माफी मागेल. तोंड बंद ठेवलंस तर जिंकलीस तू.”

“आणि मे महिना?”

“मे महिन्यात झाडं तुझी नसतात.”

“घरी का खोकते ते कळलं का तुला?” बेरितने विचारले. “मुलांना घेऊन मी फांद्या तोडायला जाते ना चर्चमागच्या उतारावर? प्रत्येकाला घरी न्यायला एक जुडी देते. तूवाला सगळ्यात मोठी दिली. तिनं मागितली म्हणून.”

एव्हर्टने गाडी हळू केली. “तेही चुलीत घालायला सांग. कारण सांगू नकोस.”

“एव्हर्ट, मी सत्तावीस वर्षं त्या पोरांना सांगतेय की प्रश्नाचं उत्तर सापडलं की सगळ्यांना मोठ्यानं सांगायचं.”

“पोरांचं वेगळं असतं. त्यांचा परवाना जात नाही.”

त्याचे म्हणणे चूक नव्हते. घरी पोचल्यावर तिने फांद्या ओल्या चादरीत गुंडाळून चुलीपाशी नेल्या आणि जाळल्या. शनिवार-रविवार खोलीतली एकूण एक गोष्ट ओल्या फडक्याने पुसून काढली. दोन वेळा मालिनला फोन करायला उचलला आणि ठेवला. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती ती.

सोमवारी संध्याकाळी मालिन तूवाला न्यायला आली तेव्हा बेरितने बाकीची मुले एव्हर्टकडे सोपवली आणि दारातल्या छोट्या खोलीत, बूट आणि ओल्या मोज्यांच्या गर्दीत, उभ्या उभ्याच सांगितले. धूळ, पिसे, चिकटपट्टी, सीव, सगळे. तूवा खाली बसून स्वतःच्या कोटाच्या चेनशी झगडत होती.

सगळे संपल्यावर मालिन म्हणाली, “म्हणजे तुझ्या शोभेच्या फांद्यांमुळे.”

“हो.”

“महिनाभर तू तिला त्याच्या खाली बसवून गोष्टी वाचत होतीस.”

“हो.”

“आणि वर एक जुडी घरी दिलीस. माझ्या गाडीत, तिच्या खुर्चीला बांधून.”

“हो, मालिन.”

“मी भिंती फोडायला निघाले होते तुझ्या. तू मला तसं करू दिलं असतंस तर बरं झालं असतं, निदान मला कुणावर चिडायचं ते कळलं असतं.” तिने तूवाचा हात धरला. “चल.”

“माझी चेन!” तूवा ओरडली.

“गाडीत लावू.”

मंगळवारी तूवा आली नाही. बुधवारीही नाही. तीन मुलांच्या जेवणाच्या बशा मांडताना बेरित दोनदा चार मांडून बसली. बुधवारी दुपारी मुले बाहेर झोपली असताना तिने येस्परला फोन केला. आपल्या तोंडानेच सांगून टाकावे, मालिनच्या तोंडून जाण्याआधी.

येस्परने ऐकले. पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. “अर्जावर रकाने आहेत,” तो म्हणाला. “ओल, बुरशी, धूर, पाळीव प्राणी, इतर. मी याला कशात टाकू?”

“इतर.”

“इतरमध्ये कारण लिहावं लागतं. ‘ईस्टर’ असं लिहू?” तो स्वतःच हसला, मग सावरला. “मोजणीवाला येईलच, तो रद्द करता येत नाही. पण बुरशी नसेल तर माझ्याकडून अडचण नाही. पालकांचं मात्र मी सांगू शकत नाही. मुलंच आली नाहीत तर परवाना घेऊन तू करणार काय?”

“तोच तर प्रश्न आहे.”

“बेरित, त्या फांद्यांना तुरे नसले तर चालतं का? इथे आमच्या खिडकीशी आहेत म्हणून विचारतो. आमच्यातला एक जण सारखा शिंकतो.”

गुरुवारी सकाळी मालिन आली. एकटी. दारातच उभी राहिली, बूट काढले नाहीत.

“तूवा?” बेरितने विचारले.

“शेजारणीकडे. दोन रात्री खोकली नाही.” ती ते आरोप केल्यासारखेच बोलली. “मंगळवारी डॉक्टरकडे गेले. हातावर टोचून बघितलं. बर्चच्या जागी एवढी गांध उठली. बाकी काही नाही.” तिने बोटांनी नाण्याएवढा गोल करून दाखवला. “डॉक्टर म्हणाली, एप्रिलच्या मध्यापासूनच औषध सुरू करायचं, झाडांचे पराग सुटायच्या आधी. म्हणाली, फार नशीब की आत्ता कळलं. मी म्हटलं, नशीब कसलं, लांबलचक कहाणी आहे ती.”

बेरितने दारातले कोट बाजूला सारून तिला आत यायला जागा केली.

“ती बाई अजून आहे का तिथे? काचेत बघणारी?”

“सीव? असेल की.”

“मला बघायचंय. माझ्या पोरीला मध्यरात्री उठवून बसवणारी गोष्ट मला डोळ्यांनी बघायची आहे. नाहीतर मला वाटत राहील की तू बनवलंस.”

एव्हर्टने त्या दिवशी दुपारी तीन मुलांना सांभाळले. त्याच्या आयुष्यात एकट्याने पहिल्यांदाच. मालिनने गाडी चालवली आणि जाताना दोघी रस्त्याबद्दलच बोलल्या, कुठे बर्फ वितळलाय आणि कुठे नाही. सीवने ती काचपट्टी जपून ठेवली होती, ‘बेरितचे कपाट’ असे चिकटवून. मालिन खुर्चीवर बसली, वाकली. बराच वेळ वाकून राहिली.

“एवढंसं?” ती म्हणाली.

“एका तुऱ्यात लाखो असतात,” सीव म्हणाली.

“आणि याला चोच कशाला?”

“तिथून ते फुटतं. दुसऱ्या फुलावर पोचलं तर. तुझ्या मुलीच्या नाकात पोचलं तर वाट चुकतं, आणि तिचं नाक त्याला चोर समजतं.”

मालिन पुन्हा वाकली. बटण फिरवून तिने स्वतःच काच सरकवली, मोजायचा प्रयत्न केला, सोडून दिला. तिने विचारले, पाऊस पडला तर काय होते? सकाळी जास्त की संध्याकाळी? नदीपलीकडे कमी असेल का? सीवने सांगितले, नदी त्याला अडवत नाही, ते शेकडो मैल उडून येते. बालवाडी इकडची असो की तिकडची, मे महिना सगळीकडे सारखाच.

परत येताना अर्ध्या वाटेवर मालिन म्हणाली, “त्या बालवाडीत मी काल विचारलं. म्हटलं, बर्च फुललेला असताना तिला दुपारी आत झोपवाल का? म्हणाले, आमच्याकडे सगळी मुलं बाहेरच झोपतात, आमचं ते वैशिष्ट्य आहे.”

बेरितने खिडकीतून बाहेर बघितले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या सालीची बर्चची झाडे होती, मैलोन्मैल, फांद्यांच्या टोकांना घट्ट तपकिरी तुरे. आयुष्यभर ती या झाडांतून जात-येत होती.

“माझंही तेच वैशिष्ट्य आहे,” ती म्हणाली.

“माहितेय. मीही त्याच भिंतीशी झोपायचे.”

“आत झोपेल ती. खिडक्या बंद करून. बाहेरून आलेल्या पोरांचे कोट मी दारात काढून झटकेन. सीवचा आकडा रोज बघेन.”

मालिनने वाफाळलेली काच बाहीने पुसली. “आणि बाकीच्यांना काय सांगशील? एकटी तूवाच आत का म्हणून?”

“जे आहे ते. तू आलीस की तुझ्यासमोरच सांगेन, हवं तर.”

“त्या आजीकडे गेलेल्या पोराच्या आईलाही?”

“तिला तर आधी.”

एल्वबीचा फाटा आला. मालिनने वेग कमी केला, वळणाचा दिवा लावला.

“सोमवारी मला सहाला कामावर पोचायचंय,” ती म्हणाली. “म्हणजे पावणेसहाला तूवाला सोडावं लागेल. तू उठलेली असतेस का तेव्हा?”

“पाचला उठते मी,” बेरित म्हणाली. “लापशी तयार असेल.”